सोडलेल्या मात्रा

आमच्या शहरात एक रॉक बँड होता, हे आमच्याच शहरातल्या फार थोड्या लोकांना माहीत होतं. चौघं जण होते. एक गायचा, एक गिटार वाजवायचा, एक बेस आणि एक ड्रम. चिकलठाण्याला बेसवाल्याच्या काकांची एक बंद पडलेली शेड होती. तिथं ते सराव करायचे आणि तिथंच त्यांनी पहिला अल्बम रेकॉर्ड केला. सहा गाणी. कुठल्या कंपनीनं काढलेला नव्हता, कुठल्या दुकानात मिळत नव्हता. त्यांनीच इंटरनेटवर टाकला होता. बँडचं आणि त्या चौघांचं नाव मी इथं लिहिणार नाही. हे लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी तेवढीच एक अट घातली.

मी चिकलठाण्यातच एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे छोटे भाग आमच्याकडं बनतात. ते मापात आहेत की नाहीत हे मी तपासते. पहिला अल्बम आला तेव्हा मी नोकरीत नवी होते, लग्न झालेलं नव्हतं. सोबत काम करणाऱ्या एका मुलीनं कंपनीच्या बसमध्ये इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं आणि म्हणाली, ऐक, आपल्याकडचेच आहेत. रॉक म्हणजे नुसता आरडाओरडा, अशी माझी समजूत होती. आरडाओरडा होताही. पण तो गाणारा ‘लई’ म्हणत होता, ‘नाय’ म्हणत होता, आमच्या घरी बोलतात तसं. गाण्यात आमची बोली मी पहिल्यांदा ऐकली. गाणी शिफ्ट सुटल्यावर गेटवर रेंगाळणाऱ्या माणसांवर होती, टँकरच्या रांगेवर होती, भाड्याची खोली सोडून जाणाऱ्या एका बाईवर होती.

पण मला धरून ठेवलं ते ड्रमनं. चौथ्या गाण्यात मधेच गिटार थांबते आणि ड्रम एकटा राहतो. त्यात एक आवाज काठीचा आहे आणि एक उघड्या तळहाताचा. काठी कडक पडते आणि तिच्या मागून तळहात, जरासा उशिरा, जड. तो ठेका मी कुठंतरी ऐकलेला होता, पण कुठं ते आठवत नव्हतं.

ते नंतर कळलं. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर हॉल होता, तिथं त्यांचा कार्यक्रम झाला. चाळीसेक माणसं असतील, त्यात आम्ही बायका तिघीच. घरी मी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाते म्हणून सांगितलं होतं. कार्यक्रम संपल्यावर ड्रमवाला घाम पुसत एकटाच खिडकीशी उभा होता. बारीक अंगाचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. मी धीर करून त्याला विचारलं की चौथ्या गाण्यातलं ते तुम्ही कसं बसवलं. तो म्हणाला, "ते माझं नाय. आमच्या आज्याचं हाय." त्याचे लोक धनगर, सिल्लोडच्या बाजूचे. आजोबा मेंढरं राखायचे आणि देवाच्या कार्यात ढोल वाजवायचे, ढोलाच्या एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला तळहात. तेच त्यानं ड्रमवर आणलं होतं. उजव्या हातात काठी धरायची आणि डावा हात नुसता ठेवायचा. मी लहानपणी आमच्या मामाच्या गावच्या जत्रेत तो ढोल ऐकला होता.

त्यानंतर मी त्यांचा एकही कार्यक्रम चुकवला नाही. दीड-दोन वर्षांत सहा-सात झाले असतील. मग ते थांबले. गाणारा पुण्याला गेला असं कुणी सांगितलं, बँड फुटला असं कुणी सांगितलं. त्यांच्या पानावर नवं काही येईना. माझंही लग्न झालं, मुलगी झाली, आणि मग माझ्या वडिलांची किडनी गेली.

आठवड्यातून दोनदा वडिलांना डायलिसिसला न्यावं लागायचं. भाऊ बाहेरगावी, आईला दम लागायचा, म्हणून मीच न्यायची. मशीनवर चार तास लागायचे. वडील डोळे मिटून पडायचे आणि मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. त्या चार तासांत मी काही वाचू शकत नव्हते, फोनवर बोलू शकत नव्हते. मी चौथं गाणं लावायचे. संपलं की पुन्हा लावायचे. त्या ठेक्यानं मला बरं वाटायचं असं नाही, पण चार तास निघायचे. असं चौदा महिने चाललं. वडील गेले तेव्हा भाऊ सगळ्यांना फोन करत होता आणि मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून तेच गाणं ऐकत होते. ते कुणाला सांगायची मला आजही लाज वाटते.

एवढं सांगायचं कारण म्हणजे दुसरा अल्बम आला तेव्हा मी त्याच्याकडं कोणत्या भुकेनं गेले हे कळावं.

तो अचानक आला. शेवटच्या कार्यक्रमाला पाचएक वर्षं झाली असतील. कंपनीच्या कँटीनमध्ये जेवताना फोनवर दिसलं, नऊ गाणी, तेच नाव. मी डबा तसाच बंद केला आणि कँटीनच्या मागं सायकल स्टँडजवळ जाऊन ऐकायला लागले.

पहिल्या गाण्यात नुसती गिटार होती आणि हळू आवाज. मला वाटलं, सुरुवात अशी असेल, पुढं येईल. दुसऱ्या गाण्यात दोन ओळी झाल्या आणि सगळं थांबलं. मी फोन बघितला, नेट गेलं असेल म्हणून. नेट होतं, गाणंही चालू होतं, फक्त त्यात आवाज नव्हता. थोड्या वेळानं तो पुन्हा गायला लागला. पुढं पुन्हा तसंच. पाचव्या गाण्यात तर एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा, एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. नऊच्या नऊ गाणी संपली, ड्रम एकदाही वाजला नाही.

त्या रात्री मुलीला झोपवताना आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. पहिल्या अल्बममध्ये भांडणारी माणसं होती, यात कुणी भांडत नव्हतं. एक गाणं कुलूप लावलेल्या शेडवर होतं. एक होतं जुना पत्ता विचारत फिरणाऱ्या माणसावर. बोली तीच, पण आवाज खाली गेलेला, जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे. मला राग आला. माझ्या हक्काचं काहीतरी होतं आणि ते मला न विचारता काढून घेतलं, असा राग.

मराठीतल्या अशा छोट्या बँडवर लिहिणाऱ्यांची एक वेबसाइट आहे. तिथं मी टोपणनावानं अधूनमधून लिहायचे. सुट्टीच्या दिवशी मी सकाळी बसले आणि दुपारपर्यंत लिहिलं. पहिल्या अल्बमबद्दल चांगलं लिहिलं, म्हणजे दुसऱ्याला मारताना जोर येईल. मग लिहिलं की पाच वर्षांत ज्यांना एक ड्रमर सापडत नाही त्यांनी अल्बम काढायची घाई करू नये. शांततेला सखोलता समजायची ही सोयीची पद्धत आहे. ज्यांनी कधी घाम गाळून वाजवलं, त्यांना आता घाम नकोसा झाला आहे. आणि शेवटी लिहिलं, हा हात न हलवता केलेला अल्बम आहे.

त्या वाक्यावर मी खूश होते. लोकांनाही तेच आवडलं. दोघा-तिघांनी ते उचलून आपापल्या पानांवर टाकलं. बँडकडून कुणी काही बोललं नाही.

दोन आठवड्यांनी मला त्या वेबसाइटवरून एक निरोप आला. त्यात लिहिलं होतं, ‘तुमचं वाचलं. मी त्यांच्यात ड्रम वाजवायचो. अल्बम मी ऐकला नाय. त्यात ड्रम खरंच नाय का?’

मी लगेच लिहिलं की नाही.

‘एकाबी गाण्यात?’

एकाही नाही, मी लिहिलं. पुढं काहीतरी लिहावं म्हणून तुम्ही का सोडलं असंही विचारलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं माझा नंबर मागितला आणि संध्याकाळी फोन केला. क्रांती चौकातल्या त्या हॉलमध्ये चौथ्या गाण्याबद्दल विचारणारी मीच, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते आठवत नव्हतं. तो म्हणाला, "ताई, माझा डावा हात गेलाय. म्हणजे हाय, पण बोटं नायत." जसं आपण पाऊस झाला नाही म्हणून सांगतो तशा आवाजात त्यानं ते सांगितलं.

मी काय बोलले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की माझं ते वाक्य मला दिसायला लागलं, अक्षर न् अक्षर. एखाद्यानं मुद्दाम लिहायचं ठरवलं असतं तरी इतकं नेमकं लागलं नसतं.

आता सिल्लोडलाच असतो, एकदा या, असं तो फोनवर म्हणाला होता. पुढच्या सुट्टीला मी सिल्लोडची एसटी धरली. घरी नवऱ्याला खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, जाऊन ये, पण रडू नकोस, त्याला ते बघायला लागेल.

ड्रमवाला आता त्याच्या मेहुण्याच्या आडत दुकानात बसतो. शेतकरी मका घेऊन येतात, तो पोत्यात नळी खुपसून दाणे काढतो, ओल मोजायच्या छोट्या मशीनमध्ये टाकतो आणि आकडा सांगतो. मी पोचले तेव्हा तो हेच करत होता. डाव्या हाताला अंगठा आणि शेजारचं एक बोट उरलं आहे. त्या दोघांत तो मशीनचं झाकण चिमटीत धरायचा. सराव झालेला होता. मला बघून म्हणाला, बसा, एवढी एक गाडी होऊ द्या.

दुकानाच्या मागं त्याचं घर. बायकोनं चहा आणला, मला ताई म्हणाली, माझ्या मुलीचं वय विचारलं. मग ती आत गेली आणि त्यानं सांगितलं.

बँडनं पोट भरत नव्हतं म्हणून तो एका छोट्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर होता. दुसऱ्या अल्बमची पाच गाणी चौघांनी मिळून बसवलेली होती, रेकॉर्डिंग करायचं ठरत होतं. एके दिवशी दुसऱ्या शिफ्टला प्रेस खाली आला तेव्हा त्याचा हात आत होता. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. तो बंद करून ठेवलेला होता, कारण त्यामुळं मशीन सारखं थांबायचं आणि दिवसाचा माल कमी निघायचा. मला यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. असे सेन्सर बंद केलेले मी पाहिले आहेत. अशा प्रेसवरून आलेला माल मी मापात आहे म्हणून पुढं पाठवला आहे.

तिघं मित्र रोज दवाखान्यात यायचे. गिटारवाला पलंगाशी बसून रडायचा आणि ड्रमवाल्यालाच त्याची समजूत घालावी लागायची. तिघं म्हणायचे, तू बरा हो, मग बघू. तो म्हणाला, दुसरा कुणी घ्या. ते नाही म्हणाले. तो पुन्हा म्हणाला. शेवटी तो चिडला, नको नको ते बोलला, आणि घरी आल्यावर फोन नंबर बदलून सिल्लोडला बहिणीकडं आला. पुढं इथंच राहिला. अल्बम आल्याचा निरोप त्यांनी कसातरी मेहुण्याच्या फोनवर पाठवला होता. त्यानं तो उघडला नाही. त्याची खात्री होती की त्यात दुसरा कुणी वाजवत असेल, त्याच्या आजोबांचा ठेका दुसऱ्या कुणाच्या तरी हातून ऐकू येईल. ते ऐकायची त्याची तयारी नव्हती.

"मग तुमचं वाचलं," तो म्हणाला. "तवा कळलं की कुणालाच घेतलं नाय."

मी माफी मागायला गेले होते. येताना बसमध्ये काय बोलायचं ते मनात तयार केलं होतं. मी सुरुवात केली तर तो म्हणाला की ते राहू द्या, आधी आपण ऐकू. एकट्यानं ऐकायचं नव्हतं म्हणून तुम्हाला बोलावलं.

त्यानं एका स्टीलच्या ग्लासात माझा फोन उभा ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो. दुपारची वेळ होती, बाहेर पोत्यांवर कुणीतरी झोपलेलं होतं. पहिलं गाणं तो खाली बघत ऐकत राहिला. दुसऱ्या गाण्यात पहिल्यांदा सगळं थांबलं तेव्हा त्यानं मान वर केली. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता. आठ मोजून झाले आणि बरोबर तिथं गाणाऱ्यानं ओळ उचलली.

"हितं माझं होतं," तो म्हणाला. "त्यांनी मोजून सोडलंय."

मग मला ते ऐकू आलं. मी इतक्या वेळा ऐकलेल्या त्या जागा रिकाम्या नव्हत्या, त्यांना माप होतं. पाच जुन्या गाण्यांत जिथं जिथं त्यानं एकट्यानं वाजवलं असतं तिथं तिथं त्यांनी तेवढ्या मात्रा सोडल्या होत्या आणि पुढं गेले होते. मापं तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि मला ते दिसलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, त्याचेही भरले असतील.

पण त्याला राग आला होता. तिसरं गाणं संपेपर्यंत तो धुमसत होता. मग त्यानं फोन ग्लासातून काढला, गाणं थांबवलं आणि म्हणाला, "हे काय केलं यांनी? मी काय मेलोय व्हय?"

तो म्हणाला की माणूस गेला की त्याची जागा रिकामी ठेवतात, फोटो ठेवतात. मी तर इथं बसून मका मोजतोय. मला एकदा येऊन विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, दुसरा घ्या, मी शिकवतो त्याला. नंबर बदलला तर काय झालं, सिल्लोड काही लांब नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुम्ही बरोबर लिव्हलं, ताई. ड्रम पायजेच होता."

मी त्याला सांगितलं की मी बरोबर लिहिलं नव्हतं. मी आळस म्हणाले होते, आणि हा आळस नव्हता. तो म्हणाला, आळस नव्हता, पण भ्याडपणा होता. त्यांचाही आणि माझाही. एवढं बोलून तो शांत झाला आणि पुढची गाणी त्यानंच लावली.

चौथं, सहावं, आठवं आणि नववं ही चार गाणी त्याच्या ओळखीची नव्हती. अपघातानंतर तिघांनी केलेली. त्यांत सोडलेल्या जागा नव्हत्या. कुलूप लावलेल्या शेडचं गाणं त्यांतलंच. ती चार त्यानं वेगळ्याच चेहऱ्यानं ऐकली, परक्याची गाणी ऐकतो तशी. नववं झाल्यावर म्हणाला की ही चांगली आहेत, यांत ड्रम नको. ही माझ्याशिवाय केलीत म्हणून चांगली झालीत. मला हे ऐकून धक्का बसला. मी त्या चार गाण्यांकडं लक्षच दिलं नव्हतं. मी नऊ गाण्यांत एकच गोष्ट शोधत होते आणि ती नव्हती म्हणून बाकीचं ऐकायचं थांबले होते.

पाचवं त्यानं पुन्हा लावलं, पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. तेव्हा त्याला हसू आलं. एका ठिकाणी त्यांनी आठाऐवजी नऊ मात्रा सोडल्या होत्या. गाणारा उशिरा आला होता. मोजणारा मीच होतो ना, तो म्हणाला, यांना कधी मोजता आलंच नाही.

त्यानं माझा फोन मागितला. गाणाऱ्याचा नंबर त्याला पाठ होता. मी उठून बाहेर जायला लागले, त्यानं हातानं बसा म्हणून खुणावलं. पलीकडून अनोळखी नंबरला बोलतात तसा कोरडा आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"पाचव्या गाण्यात नऊ मात्रा सोडल्यात," तो म्हणाला. "आठ होत्या."

मग गाणाऱ्यानं विचारलं, "कुठं आहेस?"

"दुकानात. मका चालू हाय."

त्यापुढचं मी ऐकलं नाही. मी बाहेर जाऊन दुकानासमोर उभी राहिले. तो पंधरा-वीस मिनिटं बोलत होता. आतून एकदा त्याचा आवाज चढलेला ऐकू आला, बाकी काही नाही. फोन परत देताना तो एवढंच म्हणाला की येतो म्हणतोय रविवारी. आणि निघताना मला सांगितलं की तुमच्या त्या लेखाखाली माझ्या हाताचं काही लिहू नका. लोक मग गाणं ऐकत नाहीत, हात बघतात.

त्यामुळं मला खुलासा करता आला नाही. मी त्या लेखाखाली फक्त लिहिलं की हा अल्बम मी नीट ऐकला नव्हता आणि माझं शेवटचं वाक्य चुकीचं होतं. एकानं विचारलं, का चुकीचं? मी उत्तर दिलं नाही. लेख काढून टाकावा असंही मनात आलं होतं. पण त्या लेखामुळंच त्याला खबर लागली होती, म्हणून राहू दिला. हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणते आहे, असंही कधीकधी वाटतं. चांगलं झालं ते माझ्या चुकीतून झालं, पण म्हणून चूक कमी होत नाही. लेख आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच गिटारवाल्यानं तो वाचला होता आणि त्यानंतर गिटारला हात लावला नव्हता, हे मला पुढं कळलं. त्याची मी समोर जाऊन माफी मागितली. तो "असू द्या" म्हणाला, पण तो माझ्याशी कधी मोकळा झाला नाही. ते त्याच्या बाजूनं बरोबरच आहे.

त्या पावसाळ्यात त्यांनी नवी ड्रमर शोधली. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी एक मुलगी, पंचविशीची. दर रविवारी ती बसनं सिल्लोडला जायची. तिला शिकवताना एक अडचण होती. ठेक्यातला तळहात डावा, आणि तोच त्याला दाखवता येईना. मग त्यानं तिला समोर बसवलं आणि उजव्या तळहातानं दाखवायला लागला, म्हणजे तिला आरशात बघितल्यासारखं डाव्या हातानं करता येईल. काठी तो डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत धरायचा. ती कधी निसटायची. तो उचलायचा आणि पुन्हा सुरू करायचा. एका रविवारी मीही गेले होते, तेव्हा हे बघितलं. तो चांगला शिक्षक नव्हता, लगेच चिडायचा. तीही हट्टी होती.

थंडीत सिडकोतल्या एका मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. साठ-सत्तर माणसं आली होती. ड्रमवाला बायकोला घेऊन आला होता, ती पहिल्यांदाच हे ऐकत होती. तो मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. दुसऱ्या अल्बममधली पाच जुनी गाणी त्यांनी ड्रमसकट वाजवली. त्या मुलीचा तळहात हवा तसाच पडला, काठीच्या मागून, जरासा उशिरा. लोक उठून उभे राहिले. मी मागं वळून पाहिलं तर तो डोळे मिटून मोजत होता आणि त्याची बायको त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती.

खरं सांगायचं तर पाचवं गाणं ड्रमसकट ऐकताना मला सोडलेल्या जागांची आठवण झाली. गाणं पूर्ण झालं होतं, जसं व्हायला हवं होतं तसं. तरी रेकॉर्डवरचं ते थांबणं, तिघांनी श्वास रोखून चौथ्यासाठी मोजत राहणं, तेही मला हवं होतं. हे मी त्याला सांगितलं नाही. तो चिडला असता. पण आता तो अल्बम लावते तेव्हा मी ते दोन्ही ऐकते, आणि चौथ्या, सहाव्या, आठव्या, नवव्या गाण्यापाशी जास्त वेळ थांबते.

कार्यक्रम संपल्यावर सगळे पांगले. नवी ड्रमर आपलं सामान बांधत होती. ती मला म्हणाली, सर काही बोलले का, बरं झालं का? मी म्हटलं, मला विचारू नको, त्यांना विचार. तोवर ते चौघं मागच्या दारानं पायऱ्यांवर जाऊन बसले होते. कुणीतरी पुडीत भेळ आणली होती. मी निरोप घ्यायला दारापर्यंत गेले. बेसवाला काहीतरी सांगत होता आणि गाणारा मान खाली घालून ऐकत होता. ड्रमवाला गिटारवाल्याला विचारत होता, तुझी आई कशी आहे आता, गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? कुणीही अल्बमबद्दल बोलत नव्हतं. एवढ्या वर्षांचं त्यांचं आपसातलं बरंच राहिलं होतं आणि त्यात माझं काही काम नव्हतं. मी मागं फिरले, त्याच्या बायकोला येते म्हणून सांगितलं आणि कोपऱ्यावर शेअर रिक्षाची वाट बघत उभी राहिले.